पाण्यापलीकडची आरोग्य-पाहणी

इंदूरच्या विजयनगर भागात नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाची कचेरी आहे. नर्मदेच्या पाण्याची चार राज्यांत वाटणी ठरली आणि त्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी १९८० साली हे प्राधिकरण स्थापन झाले. सरदार सरोवराचे पाणी किती मीटरवर चढले, याची नोंद तेथे काटेकोरपणे ठेवली जाते. २०१९ च्या सप्टेंबरात ते १३८.६८ मीटरवर, म्हणजे पूर्ण पातळीवर, प्रथमच पोहोचले. परंतु त्या पाण्याने ज्या टेकड्यांना वेढा घातला, त्यांच्या माथ्यावरील एखाद्या आठ महिन्यांच्या मुलाचे वजन किती, हे धरणाच्या मापनपट्टीवर वाचता येत नाही. त्यासाठी कोणाला तरी वजनकाटा घेऊन होडीत बसावे लागते.

बेट म्हटले की नारळीची झाडे आणि निळा समुद्र डोळ्यांपुढे येतो. इंदूरकरांना फार तर ओंकारेश्वराचे मांधाता बेट आठवते. पण धार, कुक्षीवरून दक्षिणेकडे ककरान्याच्या घाटावर उतरावे, म्हणजे अगदी अलीकडची बेटे दिसतात. सुमारे दोनशे चौदा किलोमीटर लांबीच्या या जलाशयात सातपुडा आणि विंध्य यांच्या कित्येक सोंडा पाण्यातून डोके वर काढून उभ्या आहेत. काहींना चोहोंकडून पाणी आहे, काहींना तीन बाजूंनी. आणि चौथ्या बाजूस असा डोंगर, की पायवाटेपेक्षा होडी बरी. अलीराजपूर व बडवाणीकडे या वस्त्यांना फलिया म्हणतात, पैलतीरी नंदुरबार जिल्ह्यात पाडा म्हणतात. भिल्ल, पावरा लोकांची घरे एकमेकांना खेटून नसतात. प्रत्येकाचे घर आपल्या शेतात. त्यामुळे कागदावर ‘एक गाव’ असे जे लिहिलेले असते, ते प्रत्यक्षात सहा-सात टेकड्यांवर विखुरलेले असते.

अशा ठिकाणी आरोग्याची पाहणी करणे म्हणजे शहरातला छापील तक्ता होडीतून नेऊन भरून आणणे नव्हे. याचे उत्तम उदाहरण खऱ्याखुऱ्या सागरी बेटांवरचे आहे. हत्तीरोगाचे जंतू माणसाच्या रक्तात रात्री आढळतात. म्हणून देशभर रात्री आठ ते बाराच्या दरम्यान बोटाला सुई टोचून रक्त घेण्याची पद्धत आहे. निकोबारमधील नानकौरी बेटसमूहात मात्र हा जंतू दिवसाही रक्तात वावरतो, कारण तेथे तो पसरवणारा डास रानात राहणारा आणि दिवसा चावणारा आहे. मुख्य भूमीचा नियम डोळे मिटून पाळणारा पाहणीकार तेथे रात्रभर जागेल आणि रोगाचा खरा अंदाज मात्र हुकवील. १९८३ साली पोर्ट ब्लेअरला वैद्यकीय संशोधनाचे केंद्र निघाले, त्यामागे बेटांचा अभ्यास बेटांवर राहूनच केला पाहिजे ही जाणीव होती. पुढे २००४ च्या डिसेंबरात सुनामीची लाट आली. ट्रिंकेटसारखे बेट तुटून त्याचे तुकडे झाले आणि तेथील माणसे कामोर्ट्यावर नेण्यात आली. घराघराला क्रमांक देऊन केलेल्या जुन्या नोंदींतली ती घरेच उरली नाहीत.

नर्मदेकाठीही पाणी माणसांचे पत्ते बदलते, फक्त सावकाश. पाहणीला केव्हा जावे, हाच पहिला प्रश्न. भाद्रपद-आश्विनात जलाशय तुडुंब असतो, होडी थेट घराखाली लागते. पण दिवाळी झाली की तरुण जोडपी मुलांना काखेत मारून गुजरातेत मजुरीला जातात आणि दारांना कुलपे लागतात. होळीपूर्वी भगोरियाच्या बाजारांना ती परततात. तोवर पाणी ओसरू लागलेले असते, आणि ओसरलेल्या पाण्यामागे उरतो तो गाळ. वरून वाळून भेगाळलेला आणि आत गुडघ्या-मांडीइतका खोल. त्यात गुरे रुततात. तेथे होडी चालत नाही आणि पाऊलही चालत नाही. जो पाहणीकार ‘घर बंद’ असा शेरा मारून पुढे जातो, त्याने हे वेळापत्रक विचारात घेतलेले नसते. आणि बहुधा त्या बंद घरातलेच मूल सर्वांत अशक्त असते.

दुसरी अडचण वयाची. मूल कुपोषित आहे की नाही, हे वयाच्या मानाने वजन पाहून ठरते. म्हणजे वय दोन महिन्यांनी चुकले की निदान चुकले. आई तारीख सांगत नाही. भगोरियाच्या आधी झाला की नंतर, मका पेरताना की काढताना, पाणी वरच्या आंब्यापर्यंत आले होते तेव्हा की उतरल्यावर, असे विचारीत विचारीत महिना गाठावा लागतो. हे प्रश्न तिच्या बोलीत विचारता आले पाहिजेत, हे वेगळे सांगावयास नको. तरी शहरातून जाणाऱ्या कित्येक पथकांना तेवढेच येत नसते. वय लागलेच नाही, तर दंडघेराची रंगीत फीत उपयोगी पडते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला, तर फीत तांबड्या पट्ट्यावर थांबते. मग त्या मुलाला दवाखान्यात हलवावे लागेल की काय, हे त्याच दिवशी तपासावे लागते.

हिवतापाचेही तसेच. पूर्वी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यावयाचा, ती पट्टी होडीने, मग जीपने प्राथमिक आरोग्य केंद्रात जावयाची, आणि उत्तर परत येईतो रुग्ण एक तर बरा झालेला असे, नाही तर गेलेला असे. आता वीस मिनिटांत जागच्या जागी निदान करणारी पट्टी मिळते. बेटांच्या दृष्टीने हा बदल फार मोठा आहे. लशीचे मात्र अजून बर्फावर अवलंबून. दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ती न्यावयाची, आणि गोवराची लस एकदा पातळ केली की चार तासांत संपवावयाची. होडी वाऱ्याने तासभर अडली, तर चार तासांतला तो तास गेला.

नंदुरबार जिल्ह्यात या वस्त्यांसाठी तरंगते दवाखाने आहेत. तथापि घरोघरच्या नोंदीचे काम शेवटी अंगणवाडी सेविकेवर आणि आशा कार्यकर्तीवर येऊन पडते. २०२० च्या एप्रिलात करोनाच्या भीतीने चिमलखेडीच्या अंगणवाडीत अलीगाट व दादर या पाड्यांवरच्या बायका यावयाच्या थांबल्या. तेथील सेविका रेलू वसावे, वय वर्षे सत्तावीस, यांनी एका मासेमाऱ्याची होडी मागून घेतली. वल्हवणे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. सकाळी अंगणवाडीचे काम उरकावयाचे, दुपारी वजनकाटा व पोषण-आहाराची पाकिटे घेऊन निघावयाचे आणि सायंकाळी परतावयाचे. एकूण सुमारे अठरा किलोमीटरांचे अंतर. त्या दोन पाड्यांवर तान्ही व कुपोषित मिळून पंचवीस बालके होती आणि सात गरोदर स्त्रिया.

या कामाची वृत्तपत्रांतून वाखाणणी झाली, आणि ती रास्तच होती. मात्र त्या बातम्यांत अठरा किलोमीटर हा आकडा ठळक छापला जात असे आणि होडी उसनी होती हे शेवटच्या ओळीत. सरकारी तक्त्याच्या दृष्टीने पंचवीस ही संख्या किरकोळ आहे. जिल्ह्याच्या बेरजेत ती आली काय नि न आली काय, टक्केवारीचा दशांशही हलत नाही. म्हणूनच अशी नावे गळतात. धरणास पर्यावरणाची मंजुरी १९८७ साली मिळाली तेव्हा जलाशयाकाठच्या लोकांच्या आरोग्याकडे लक्ष देण्याची बाब कामांच्या यादीत होतीच. यादीतले कलम आणि पाड्यावरचे मूल यांच्यामध्ये जे पाणी आहे, ते त्या काळात रेलू वसावे यांनी आठवड्यातून पाच-पाच दिवस ओलांडले. काटा आडव्या फांदीला टांगावयाचा, झोळीत मूल ठेवावयाचे, काटा स्थिर होईपर्यंत थांबावयाचे, आकडा वहीत लिहावयाचा. आणि अंधार पडण्यापूर्वी होडी सोडावयाची, कारण मासेमाऱ्याला ती पहाटे लागत असे.