हवेंत विरघळणारा दगड

श्रोतेहो, दगड म्हटला कीं टिकाऊपणा हें त्याचें लक्षण आपण गृहीतच धरतों. ‘काळ्या दगडावरची रेघ’ असें आपण म्हणतों तें त्यामुळेंच. परंतु निसर्गाच्या कोठारांत असेंहि एक खनिज आहे कीं, जें खाणींतून काढून दमट हवेंत ठेवलें असतां थोड्याच वेळांत ओलें होतें, पाझरूं लागतें, आणि अखेरीस पाण्याचें थारोळें तेवढें मागें ठेवून नाहींसें होतें. त्याचें नांव टॅकिहायड्राइट. त्याचे गुणधर्म कोणते, तें कोठें सांपडतें आणि पृथ्वीच्या पूर्वेतिहासासंबंधीं तें काय सांगतें, याचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

हें खनिज हॅलाइड वर्गांतील होय. क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन या मूलद्रव्यांचा धातूंशीं संयोग होऊन जीं खनिजें बनतात, त्यांना ही संज्ञा आहे. आपल्या जेवणांतील मीठ याच कुळांतलें. टॅकिहायड्राइटमध्यें एक भाग कॅल्शियम क्लोराइड आणि दोन भाग मॅग्नेशियम क्लोराइड यांच्याशीं पाण्याचे बारा रेणू बांधलेले असतात. वजनानें पाहिलें तर शंभर भागांत सुमारें ४२ भाग निव्वळ पाणीच! रंग मेणासारखा किंवा मधासारखा पिवळा, क्वचित् मुळींच नाहीं. चव तिखट-कडू. नखानें ओरखडा उठेल इतकें तें मऊ असून, खाणींतल्या मिठाहून बरेंच हलकें आहे.

जर्मनींतील स्टासफुर्ट या गांवीं मिठासाठीं १८५२ मध्यें विहिरीसारखी खोल खाण खणण्यास प्रारंभ झाला. शुद्ध मिठाच्या वर तेथें कडू व रंगीबेरंगी क्षारांचे थर लागले. ते निरुपयोगी समजून प्रथम बाजूस टाकण्यांत येत. पुढें त्यांतच पोटॅशियम विपुल असल्याचें कळून आलें, आणि टाकाऊ म्हणून फेकलेले क्षार शेतीचें मौल्यवान् खत ठरले. याच क्षारांत सांपडलेल्या पिवळ्या खड्यांचें पृथक्करण करून १८५६ मध्यें रामेल्सबर्ग या रसायनशास्त्रज्ञानें त्यांना टॅकिहायड्राइट हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ‘ताखिस’ म्हणजे शीघ्र आणि ‘हुदोर’ म्हणजे पाणी. शीघ्र पाणी होणारें, तें टॅकिहायड्राइट. संग्रहालयांत त्याचा नमुना ठेवावयाचा तर घट्ट बुचाच्या बाटलींतच ठेवावा लागतो.

आतां असा क्षार तयार कसा होतो? उरण, पेण, वसई या बाजूचीं मिठागरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना हें समजणें कठीण नाहीं. उथळ वाफ्यांत समुद्राचें पाणी घेतात, उन्हानें तें आटतें आणि तळाशीं मिठाचे खडे जमतात. मीठ जमल्यावर जें कडू पाणी उरतें, तें सोडून द्यावें लागतें; कारण त्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. पावसाळ्यांत आपल्या घरचें मीठ ओलें होतें, तें मुख्यतः त्या क्षारांच्या अंशामुळें. हवेंतील ओलावा ओढून घेण्याचा जो गुण मिठांत अल्प प्रमाणांत दिसतो, तोच टॅकिहायड्राइटमध्यें पराकोटीस गेलेला आहे.

उसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ मध्यें भूमध्य समुद्राचें पाणी टप्प्याटप्प्यानें आटवून पाहिलें. प्रथम चुन्याचा अंश खालीं बसला. पाणी सुमारें एक पंचमांश उरतां जिप्सम बसूं लागलें. सुमारें एक दशमांश उरतां मीठ जमूं लागलें. मॅग्नेशियमचे व पोटॅशियमचे क्षार अगदीं शेवटीं आले. नंतर व्हांट हॉफ या विख्यात शास्त्रज्ञानें स्टासफुर्टच्या क्षारांचा अनेक वर्षें अभ्यास केला आणि कोणता क्षार किती उष्णतेंत जन्मतो तें ठरविलें. टॅकिहायड्राइटला सुमारें २२ अंश सेंटिग्रेडहून अधिक उष्णता लागते, असें त्यानें दाखविलें.

परंतु खरें कोडें पुढेंच आहे. आजच्या समुद्राचें पाणी कितीहि आटविलें तरी त्यांतून टॅकिहायड्राइट मिळत नाहीं! याचें कारण जमाखर्चासारखें सरळ आहे. पाणी आटूं लागलें कीं कॅल्शियम आणि सल्फेट यांची जोडी जमून जिप्सम होतें. आजच्या समुद्रांत सल्फेट अधिक व कॅल्शियम कमी. त्यामुळें कॅल्शियम आधींच संपून जातें आणि शेवटच्या पाण्यांत सल्फेट शिल्लक राहतें. टॅकिहायड्राइट होण्यास मात्र शेवटपर्यंत कॅल्शियम उरावयास पाहिजे. स्टासफुर्टचे क्षार सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींच्या समुद्राचे. तो समुद्र या बाबतींत आजच्यासारखाच होता. म्हणून तेथें हें खनिज थोडेंच आढळतें आणि मूळचे थर बसल्यावर, मागाहून आलेल्या कॅल्शियमयुक्त द्रवामुळें तें झालें असावें, असें मानतात.

मात्र ब्राझीलमधील सर्जिपे प्रांत, आफ्रिकेंतील काँगोचा किनारा आणि थायलंडमधील खोरातचें पठार येथें जमिनीखालीं याचे कित्येक मीटर जाडीचे थर आढळले. हे सर्व क्षार क्रिटेशियस युगांतील आहेत. त्यांतील पहिले दोन सुमारें साडेअकरा कोटि वर्षांपूर्वींचे. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका हीं खंडें त्या काळीं एकमेकांपासून दूर होत होतीं. त्यांच्यामधील चिंचोळ्या आखातांत समुद्राचें पाणी शिरे आणि आटे. त्याच आखाताचे दोन कांठ आज अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर आहेत, आणि दोहोंकडे हें दुर्मिळ खनिज सांपडतें.

मग हें कॅल्शियम आलें कोठून? कांहींच्या मतें दुभंगलेल्या भूमीखालून वर येणाऱ्या उष्ण झऱ्यांनीं तें आणलें. दुसरें मत असें कीं, त्या काळचा अखिल समुद्रच निराळा होता. समुद्राच्या तळाशीं नवा तप्त खडक वर येतो, तेव्हां तो पाण्यांतील मॅग्नेशियम घेतो व कॅल्शियम देतो. हें कार्य क्रिटेशियस युगांत अधिक वेगानें चाललें असलें पाहिजे, असें हार्डी या शास्त्रज्ञानें १९९६ मध्यें मांडलें. प्राचीन मिठाच्या स्फटिकांत त्या वेळच्या समुद्राचे अतिसूक्ष्म थेंब कोंडलेले असतात. लोवेनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं अशा थेंबांची परीक्षा करून २००१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्रिटेशियस समुद्रांत कॅल्शियम अधिक व सल्फेट कमी होतें, असें त्यांत दिसून आलें. उष्ण झऱ्यांचा वांटा किती, यासंबंधीं मतभेद राहिला. पण समुद्राचें पाणी सदैव एकाच घडणीचें होतें, ही जुनी समजूत मात्र टिकली नाहीं.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. सर्जिपेमध्यें पोटॅशची जी खाण आहे, तिच्या तळाखालींच टॅकिहायड्राइटचे थर आहेत. वरच्या खडकाच्या भारानें हें खनिज मिठापेक्षां कित्येक पट वेगानें, मऊ मेणाप्रमाणें सरकतें. खणलेली पोकळी भोंवतालून दाबली जाते. म्हणून खाणीचा तळ व हें खनिज यांच्यामध्यें मिठाचा जाड थर राखून ठेवावा लागतो. पाण्याचें भय तर सर्वच क्षारखाणींना असतें. काँगोमधील होल येथील पोटॅशची खाण १९७७ मध्यें पाणी शिरल्यामुळें बंद पडली. जो क्षार पाण्याच्या नुसत्या वाफेनेंहि विरतो, त्याच्या शेजारीं काम करणाऱ्या माणसांचें जीवित त्याचे गुणधर्म अचूक जाणण्यावर अवलंबून असतें.

श्रोतेहो, असा हा क्षणभंगुर दगड कोट्यवधि वर्षें टिकला, तो केवळ वरच्या मिठानें व मातीनें त्याला हवेपासून आणि पाण्यापासून दूर ठेवलें म्हणून. तो तसा टिकला नसता, तर समुद्राच्या पाण्याचाहि एक इतिहास आहे, याचा एक मोठा पुरावा आपल्या हातून गेला असता. पावसाळ्यांत घरांतील मिठाची बरणी ओली झालेली दिसेल, तेव्हां या इतिहासाचें स्मरण अवश्य व्हावें.