सागरी मार्गाने सायकलवरून : रेवस ते रेडी

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील भाषण)



हिवाळा सुरू झाला की कोकणच्या किनाऱ्याने सायकलवरून जाणारे गट आपल्याला दिसू लागतात. त्यांत विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, क्वचित सेवानिवृत्त मंडळीही असतात. सायकलीच्या मागे बोचकी बांधलेली ही दहापंधरा माणसे गावात पाणी मागतात आणि पुढे निघून जातात. या प्रवासाचा आपल्या गावांशी संबंध काय, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

मुंबई-गोवा महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे, ही दोन्ही किनाऱ्यापासून बरीच आत आहेत. एके काळी बंदरांतील गावे मुंबईशी जोडलेली होती ती आगबोटीने. आगबोटी गेल्या आणि बंदरे मागे पडली. रेवस ते रेडी या सुमारे ५०० किलोमीटरच्या सागरी मार्गाच्या कल्पनेशी बॅरिस्टर अंतुले यांचे नाव निगडित आहे. हा मार्ग मात्र अजूनही सलग नाही, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने त्याची गोडी याच तुटकपणात आहे.

नकाशावर किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात तसा नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी तो जागोजागी कापला आहे. रस्ता खाडीशी उतरतो, पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीकडे धाव घेतो. एकेक चढ घाटाच्या मानाने लहान, पण दिवसभरात असे किती येतात याची गणती राहत नाही. म्हणून मैदानावर रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याने येथे पन्नास-साठच धरावेत. नऊदहा दिवसांत रेडी गाठता येते. उतारावर ब्रेकची रबरे झिजतात आणि खाऱ्या हवेने साखळी गंजते. तेव्हा पंक्चरच्या सामानाइतकेच तेलाच्या कुपीलाही महत्त्व आहे. प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा, कारण हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो आणि तो पाठीशी राहतो. गलबतवाल्यांना हे शिकवावे लागत नव्हते.

आता खाड्यांविषयी. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड, अशा चार तरी या वाटेवर आहेत. सायकल फेरीबोटीवर चढवायची आणि बोट सुटेपर्यंत जेट्टीवर बसायचे. पुढे गेलेला आणि मागे राहिलेला येथे एकत्र येतात. गटाच्या प्रवासात शिस्त लावणारा याहून चांगला नायक मला माहीत नाही! एरवी नियम एवढाच, की वाट जाणणारा पुढे, हत्यारे बाळगणारा सर्वांत शेवटी, आणि वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. गटात घड्याळ लावून धावणारा एखादा असतोच. त्याला शेवटच्या जागी ठेवावे.

वेसवीला उतरले की बाणकोटच्या पुढे वेळास लागते. नाना फडणिसांचे हे गाव आज समुद्री कासवांच्या संरक्षणासाठी ओळखले जाते. २००२ सालापासून येथे अंडी सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम चालू आहे आणि ग्रामस्थ घराघरांतून पाहुण्यांची व्यवस्था करतात. येथे सायकलस्वारांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ओहोटीच्या वेळची घट्ट ओली वाळू सायकलीला मोहात पाडते. दिवसा भरतीरेषेच्या खालून जाण्यास हरकत नाही. पण कासवांच्या विणीचा आणि सहलींचा हंगाम एकच आहे. रात्री पुळणीवर सायकली आणि दिवे नेऊ नयेत, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. असा फलक पंचायतीने लावला, तर त्याला खर्च तो कितीसा?

सायकलवरून येणारा पाहुणा मोटारीतून येणाऱ्यापेक्षा कमी पैसे खर्च करतो, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. मोटार मुरुडहून निघते ती श्रीवर्धनला थांबते. मधल्या गावांना धुळीखेरीज काही मिळत नाही. सायकलस्वाराला दर दहाबारा किलोमीटरवर थांबावेच लागते. त्याला कोकमाचे सरबत लागते, शहाळे लागते, दुपारी भाकरी आणि भाताची पेज लागते, रात्री शाळेची ओसरीही पुरते. हा पैसा थोडा असेल, पण तो थेट घरात जातो. त्यासाठी हवे ते पिण्याचे स्वच्छ पाणी आणि पाणी असलेले स्वच्छतागृह, विशेषतः स्त्रियांसाठी. या दोन गोष्टी गावालाही हव्याच आहेत.

या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. ते व्हावेत, आजारी माणसाला आणि बाळंतिणीला फेरीबोटीची वाट पाहायला लावणे योग्य नव्हे. माझा आग्रह निराळा आहे. रस्ता रुंद होतो तेव्हा वाहनांचा वेग वाढतो, आणि साइडपट्टी खचलेली असेल तर सायकलस्वाराला उतरायला जागा उरत नाही. त्या कडेने केवळ प्रवासी जात नाहीत. शाळेतल्या मुली जातात, मासळीच्या पाट्या घेतलेल्या स्त्रिया जातात. पुलावर पायी जाणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वेगळी पट्टी आणि रस्त्याला पक्की साइडपट्टी, ही मागणी आराखडा होत असतानाच ग्रामसभेने ठराव करून कळवावी. पूल झाल्यावर केलेला अर्ज फायलीत राहतो, हे येथील अधिकारी मंडळी माझ्यापेक्षा अधिक जाणतात.

शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीची मुले घेऊन सारा किनारा पालथा घालण्याची गरज नाही. गणपतीपुळ्याहून आरेवारेमार्गे रत्नागिरी सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. तेवढ्यात पुळण, खाडी, सडा आणि सुरूचे बन, सारा भूगोल दिसतो. जवळच मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. दक्षिणेकडील शाळांनी वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जावे. तेथील मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला आणि तेथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी वर्षानुवर्षे शिकवले.

मुक्कामाच्या गावातील मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना पंधरा दिवस आधी पत्र लिहावे. त्यात मुले किती, मुली किती, पोहोचण्याचा दिवस कोणता आणि वाटेत तर असल्यास कोणत्या फेरीने येणार, एवढे असावे. जेवणाचा दर गावातील महिला बचत गटाने उलट टपाली कळवावा, म्हणजे दोन्हीकडे घासाघीस उरत नाही.