दोन संदेष्टे

सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी यरुशलेमच्या मंदिरात याजक आणि प्रजा यांच्या देखत दोन माणसे समोरासमोर उभी राहिली. एकाच्या मानेवर लाकडी जू होते. त्याचे नाव यिर्मया. दुसरा गिबोन गावचा हनन्या. दोघेही एकाच देवाच्या नावाने बोलत होते, आणि दोघांचे सांगणे परस्परांच्या अगदी उलट होते. बायबलच्या जुन्या करारात, यिर्मयाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही हकीकत आली आहे.

श्रोतेहो, प्रसंगाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. तेथला तरुण राजा, सरदार, कारागीर यांना त्याने पकडून नेले, आणि मंदिरातील भांडीही नेली. पुढे तीन-चार वर्षांतच शेजारच्या राज्यांचे वकील यरुशलेमला येऊ लागले व बंडाची भाषा सुरू झाली. हनन्याने जाहीर केले की, बाबेलचे जू देवाने मोडले आहे. दोन वर्षांत भांडी परत येतील, राजा येईल, कैदी येतील. यिर्मयाचे म्हणणे असे की, ते जू मुकाट्याने मानेवर घ्या, तरच वाचाल.

आज आपल्याला निकाल ठाऊक आहे. दहा वर्षांच्या आतच शहर पडले आणि मंदिर जळाले. म्हणून हनन्याला लबाड ठरवणे आपल्याला फार सोपे जाते. पण त्या दिवशी मंदिरात उभ्या असलेल्या मनुष्याने काय करावे? एक संदेष्टा देशाभिमानाचे बोलत होता, दुसऱ्याचे बोलणे सरळसरळ फितुरीचे वाटत होते. मूळ हिब्रू पाठ येथे वाचकाला काहीच मदत करीत नाही. तो हनन्यालाही यिर्मयाप्रमाणेच 'संदेष्टा' म्हणतो. पुढे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकाराला हे सहन झाले नसावे. त्याने हनन्याच्या नावापुढे 'खोटा संदेष्टा' असे स्पष्ट लिहून टाकले. मला त्या भाषांतरकाराचे मन कळते. परंतु त्याने वाचकाची खरी अडचणच पुसून टाकली.

खरा संदेष्टा ओळखण्याची खूण अनुवादाच्या ग्रंथात दिली आहे, ती अशी की, बोलणे खरे ठरले नाही तर ते देवाचे नव्हे. खूण चांगली आहे, पण ती उशिरा उपयोगी पडते. शिवाय त्याच ग्रंथात अन्यत्र बजावले आहे की, एखाद्याची भाकिते खरी ठरली तरी तो परक्या देवांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. आणि योनाची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक आहे. निनवे नगर चाळीस दिवसांत नष्ट होईल असे तो देवाच्याच आज्ञेने बोलला. लोकांना पश्चात्ताप झाला आणि नगर वाचले. भाकीत फसले, संदेष्टा मात्र खरा होता.

मला या प्रकरणाची गोडी लागली ती नोकरीमुळे. सेवेच्या आरंभीच्या काळात एका गावच्या पिकाची पैसेवारी ठरवण्याचे काम माझ्याकडे आले होते. पन्नासच्या खाली आकडा गेला की त्या काळी टंचाई मानावी लागे, वसुली थांबे. भोवतालच्या सगळ्या गावांचे आकडे पन्नासच्या वर आले होते. माझ्या डोळ्यांना शेते निराळी दिसली होती. तरी मीही वरचाच आकडा लिहिला. कोणी दडपण आणले नव्हते. इतके जण चुकतील कसे, असे मी मनाला समजावले, आणि त्या समजावण्यालाच विवेक म्हटले.

म्हणून यिर्मयाचे उत्तर मी पुन्हापुन्हा वाचतो. हनन्याचे भाकीत ऐकून तो प्रथम म्हणतो, तथास्तु. देव तसेच करो. हा उपरोध आहे असे पुष्कळ टीकाकार मानतात. मला तसे वाटत नाही. आपले म्हणणे खोटे ठरावे आणि आपले लोक सुखरूप परत यावेत, असे त्याला मनापासून वाटत असले पाहिजे. आपलाच शब्द खरा व्हावा ही हाव ज्याच्या ठायी नाही, त्याचा आवाज ऐकावासा वाटतो. मग हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून सर्वांसमक्ष मोडले. यिर्मयाने प्रत्युत्तर दिले नाही. तो आपल्या वाटेने निघून गेला. लाकडाच्या जागी आता लोखंडाचे जू येईल, हा संदेश त्याला मागाहून मिळाला. तेथल्या तेथे, वादात बाजी मारण्यासाठी त्याने तो रचला नाही.

याच ग्रंथातील छत्तिसावा अध्याय आम्हा कचेरीतल्या लोकांनी अवश्य वाचावा. आणखी दहा वर्षे मागची, यहोयाकीम राजाच्या अमलातली गोष्ट आहे. यिर्मयाचा लेखनिक बारूख याने गुंडाळी वाचून दाखवताच अधिकारी भ्याले. त्यांनी बारूखाला लपून राहण्यास सांगितले, गुंडाळी चिटणिसाच्या दालनात ठेवली आणि राजाला वर्दी दिली. हिवाळा होता, राजापुढे शेगडी पेटली होती. तीन-चार रकाने वाचून होताच तेवढा भाग कापून तो विस्तवात टाकी. कापायला हत्यार होते लेखनिकाची चाकू. जाळू नका, अशी विनंती तिघांनी केली. त्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. बाकीचे गप्प उभे होते.

हनन्या त्याच वर्षी वारला. दोन वर्षे की सत्तर, हा वाद मात्र बाबेलातल्या कैद्यांच्या रोजच्या जगण्याचा होता. दोन वर्षे असतील तर गाठोडे बांधूनच ठेवायचे. यिर्मयाने त्यांना पत्र लिहिले की घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात आहात त्याचे हित चिंता. ते पत्र राजाच्या वकिलांबरोबर, म्हणजे सरकारी टपालातूनच, बाबेलला गेले. नेणाऱ्या दोघांपैकी एक एलासा. तोही शाफानाचाच मुलगा.