कंबरदुखी, एम.आर.आय. आणि आपला निधी
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकांचे भाषण)



कंबरदुखीच्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात, "साहेब, एम.आर.आय. केव्हा काढणार?" देणगीदार विचारतात, "यंत्र केव्हा घेणार?" दोन्ही प्रश्नांमागील आस्थेचा आम्हांस आदर आहे.

क्ष-किरण चित्रात मणक्यांची हाडे दिसतात. मधली गादी आणि नस दिसत नाही. एम.आर.आय.मध्ये शक्तिशाली चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्यामुळे चित्र उमटते. निरोगी गादी उजळ दिसते, झिजलेली काळवंडलेली. या तंत्राबद्दल लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली आढळली. चित्रात दोष दिसला म्हणजे वेदना त्याचीच, असे नव्हे. धडगावकडील एका ऊसतोड कामगाराच्या कुटुंबाने शेळ्या विकून ही तपासणी करून आणली. गादी डावीकडे सरकलेली निघाली. कळ मात्र उजव्या पायात होती! औषधे व व्यायाम यांनी काही आठवड्यांत तो कामावर गेला. त्यास घाईने तपासणीस धाडले होते ते आमच्याच बाह्यरुग्ण विभागाने, हे सांगताना संकोच वाटतो.

मात्र पायातील शक्ती जात असेल, बैठकीची जागा बधिर झाली असेल, लघवी अडली असेल, तर एक दिवसही दवडू नये. ताप, घटते वजन, पूर्वीचा क्षय वा कर्करोग असल्यासही तपासणी टाळू नये. मणक्याचा क्षय क्ष-किरणांत उशिरा दिसतो, एम.आर.आय.मध्ये लवकर. सिकलसेलचे रुग्ण आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. त्यांच्या कंबरदुखीकडेही डॉक्टर वेगळ्या दृष्टीने पाहतात.

यंत्राविषयी बोलायचे तर, चुंबक द्रवरूप हीलियमने अहोरात्र थंड ठेवावे लागते. आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसांस किमतीपेक्षा हा आवर्ती खर्चच अधिक भिववितो. म्हणून तूर्त यंत्राऐवजी, डॉक्टरांनी आवश्यक ठरविलेल्या गरीब रुग्णांची तपासणी व धुळे-सुरतेचा प्रवासखर्च यांसाठी स्वतंत्र निधी असावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. नातेवाइकांना एकच विनंती : जुन्या फिल्म्स फेकू नका, येताना सोबत आणा.