तीस दिवसांच्या महिन्यातील एकोणचाळीस हजेऱ्या
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



इयत्ता आठवीच्या वर्गात त्रैराशिकाचा पाठ चालला होता. मजुराला महिन्यात जास्तीत जास्त किती दिवसांची मजुरी मिळेल, असा अगदी साधा प्रश्न मी विचारला. कोणी तीस म्हणाले, कोणी एकतीस. इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, एकोणचाळीस." वर्ग हसला. मीही हसले, आणि त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली. कारण मुलाचे उत्तर बरोबर होते.

त्याचे कुटुंब जळगावकडून वडोदऱ्याला आलेले. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली काम करतात. पाळी सकाळी आठ ते रात्री साडेआठ, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. म्हणजे निव्वळ काम बारा तास. कंत्राटदाराच्या मुकादमाच्या बोलीत याला 'दीड हजेरी' म्हणतात. सव्वीस दिवस असे काम केले की एकोणचाळीस हजेऱ्या होतात. ऐकायला हे उदारपणाचे वाटते. दिवस सव्वीस, आणि मजुरी एकोणचाळीस दिवसांची!

आता हाच हिशेब कायद्याच्या फूटपट्टीने करून पाहू. सोपे जावे म्हणून आठ तासांची मजुरी ४८० रुपये धरा, म्हणजे तासाला ६०. जादा तासांना दुप्पट दर द्यावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमात होते. सव्वीस दिवसांचे जादा तास १०४ आणि त्यांचा दर १२०. रक्कम १२,४८० रुपये, म्हणजे नेमका आणखी एक महिन्याचा पगार. दीड हजेरीच्या रीतीने मिळतात ते ६,२४०. उरलेले ६,२४० कोठे गेले, हे कोणी विचारत नाही. कारण 'ओव्हरटाइम' हा शब्दच त्या व्यवहारात उच्चारला जात नाही. हजेरी या शब्दाने तास गिळून टाकलेले असतात.

पण केवळ पैशासाठीच ही लपवाछपवी चालते असे मात्र नव्हे. त्या अधिनियमाच्या मूळ मर्यादेप्रमाणे तीन महिन्यांत पन्नास तासांहून अधिक जादा काम घेता येत नसे. ज्याच्याकडून एका महिन्यातच १०४ तास घेतले, त्याची खरी नोंद करणे म्हणजे मालकाने स्वतःच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब स्वतःच्या अक्षरात लिहिणे होय. म्हणून वह्या दोन असतात. तपासनिसाला दाखवायच्या मस्टरमध्ये सर्व माणसे साडेचारला घरी गेलेली असतात, आणि मुकादमाच्या खिशातील कच्च्या वहीत ती साडेआठपर्यंत यंत्रावर उभी असतात.

या दोन वह्यांमधील चार तासांत माणसाचे काय होते, ते त्या मुलाच्या वडिलांनी मला सांगितले. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या एका कामगाराची दोन बोटे संध्याकाळी सव्वासातला पॉवर प्रेसखाली गेली. कागदोपत्री तो पावणेतीन तासांपूर्वीच घरी पोहोचलेला! तेव्हा अपघाताची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची लिहिली गेली. ती खोटी ठरली, कारण इस्पितळाच्या केसपेपरवर आदल्या रात्रीचे आठ वाजलेले होते. इस्पितळातील त्या कारकुनाने घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली नसती, तर त्या गरिबाला आपली बोटे कामावरच गेली हे सिद्ध करता करता किती खेटे घालावे लागले असते, कोण जाणे.

कोणी म्हणेल, आता अंगठ्याची यंत्रे आली आहेत, मग ही अडचण कसली? यंत्र त्या कारखान्याच्या फाटकावरही आहे. (तेल आणि रसायनांनी ज्यांच्या बोटांची कातडी झिजली आहे त्यांचा अंगठा ते पुष्कळदा ओळखत नाही, तो भाग निराळा.) फाटकावरचे यंत्र खरी वेळ टिपते, आणि ती वेळ कारखान्याच्या कचेरीत राहते. मजुरी मात्र कंत्राटदाराच्या मस्टरवरून निघते. दोन्ही कागद कधीही शेजारी ठेवले जात नाहीत. ते ताडून पाहण्याची गरज ज्याला आहे, त्याच्या हाती दोहोंपैकी एकही नसतो.

कामाच्या तासांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. रविवारी मिस्सेला जाणाऱ्या आम्हा ख्रिस्ती मंडळींना रविवारची सुट्टी आपल्या घरचीच वाटते. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मिळाली. १८८४ मध्ये त्यांनी पुढे केलेल्या मागण्यांत दुपारची अर्धा तास विश्रांती होती, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा हीही होती. पुढे डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचा कायदा आला, तो १९४६ चा.  इतक्या कष्टाने मिळालेली गोष्ट मुकादमाच्या एका शब्दाने नाहीशी होते.

नव्हे, एकदा तर ती सरकारी आदेशानेच नाहीशी झाली होती. १७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, गुजरात सरकारने कारखान्यांना दिवसाला बारा तास काम घेण्याची मुभा दिली, आणि मजुरी त्याच प्रमाणात द्यावी असे सांगितले. त्यात उदाहरण होते: आठ तासांचे ८० रुपये असतील, तर बारा तासांचे १२०. ही आपली दीड हजेरीच! १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो आदेश आणि त्याची मुदतवाढ रद्द ठरवली, आणि त्या काळातील जादा कामाचे पैसे दुप्पट दराने द्यावेत असे फर्मावले. निकाल उत्तम. परंतु ज्याचे तास कोठेच लिहिलेले नव्हते, त्याने ते पैसे कोणत्या आकड्याने मागावेत?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. जुने अधिनियम गेले. दुप्पट दर राहिला आहे. मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि देणे दिले हे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे. कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण मात्र आता वीसऐवजी पन्नास माणसांपासून लागू होते. छोटा कंत्राटदार त्यातून निसटतो, हे मला बरे वाटत नाही.

त्या मुलाच्या आईने यातले काहीच वाचलेले नव्हते. शेजारच्या माणसाची बोटे गेली, त्या दिवसापासून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवऱ्याच्या येण्याजाण्याची वेळ लिहायला सुरुवात केली. दुधाचे खाडे ती निळ्या शाईने मांडीतच होती. त्याच चौकटीत लाल शाईने हे आकडे पडू लागले. पगाराच्या दिवशी मिळालेली रक्कमही ती तेथेच लिहिते. सात महिन्यांची पाने घेऊन मुलगा माझ्याकडे आला आणि आम्ही दोघांनी बेरीज केली. खाड्यांचे दिवस वजा जाता फरक ३९,८४० रुपयांचा निघाला. आईने पुन्हा तपासायला लावले, तेवढाच आला.

त्या पानांच्या नकला जोडून वडिलांनी मजूर कचेरीत अर्ज दिला आहे. फाटकावरच्या यंत्राचा तपशील मागवावा, एवढेच त्यात मुख्यतः म्हटले आहे. अर्ज गेल्यावर आठच दिवसांत मुकादम घरी आला. त्याने तेरा हजार रोख पुढे केले आणि कॅलेंडर मागितले. वडील म्हणाले, "हे पैसे कशाचे, ते लिहून द्या." त्यावर तो उठून गेला. पैसे घ्यावेत की नाही, हे विचारायला वडील रविवारी माझ्याकडे आले होते. घरात भाडे थकले आहे, हे मला ठाऊक आहे. कॅलेंडर देऊ नका, एवढेच मी सांगू शकले.