ठेंगणें कोनफ्लॉवर आणि मधमाश्यांची बाग

बागेंत फूल लावतांना आपण त्याचा रंग पाहतों, उंची पाहतों, फुलण्याचा हंगाम पाहतों. तें फूल आणखी कोणाच्या उपयोगीं पडणार, हा विचार मात्र सहसा मनांत येत नाहीं. आज ज्या फुलाविषयीं बोलावयाचें आहे, त्यानें हाच प्रश्न अमेरिकेंतील बागवाल्यांपुढें उभा केला आहे.

त्याचें नांव पर्पल कोनफ्लॉवर. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील गवताळ मैदानें आणि विरळ वनें हें त्याचें माहेर. न्यू जर्सी किंवा इलिनॉय संस्थानांत घर करून राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणांतहि तें सहज वाढतें. लिनियसनें १७५३ सालीं त्याची गणना रुडबेकिया या वंशांत केली होती; १७९४ सालीं मोएंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें एकिनेशिया हा स्वतंत्र वंश स्थापिला. ग्रीक भाषेंत 'एकिनॉस' म्हणजे हेजहॉग हा अंगभर कांटे असलेला लहानसा प्राणी. फुलाच्या मध्यावरचा खरखरीत शंकु पाहिला, कीं नांवाची योग्यता पटते.

सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्याच कुळांतलें हें फूल. आपण ज्याला एक फूल म्हणतों, तो वस्तुतः शेंकडों सूक्ष्म फुलांचा मेळा असतो. भोंवतालच्या जांभळट गुलाबी पाकळ्या वांझ. त्यांचें काम दुरून पाहुण्यांस बोलावणें एवढेंच. अन्नछत्र आहे तें मधल्या शंकूंत. तेथील बारीक फुलें कडेकडून मध्याकडे क्रमाक्रमानें उमलतात, आणि म्हणून एकच फूल कित्येक दिवस मध व पराग पुरवीत राहतें. भुंगे, रानमाश्या, फुलपांखरें यांची तेथें उन्हाळाभर वर्दळ असते. पुढें बीं पिकलें म्हणजे गोल्डफिंच नांवाचे पिवळे पक्षी येतात.

मूळ झाड दोन ते चार फूट वाढतें. लहान अंगणास तें अवजड होतें, वाऱ्यापावसांत लवतेंहि. यासाठीं ठेंगण्या जाती निघाल्या. 'किम्स नी हाय' या जातीचें नांवच गुडघ्याएवढी उंची सांगतें. 'पाववाव वाइल्ड बेरी' या जातीस २०१० सालीं ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचें पारितोषिक मिळालें. अशा जाती वाफ्याच्या कडेस किंवा मोठ्या कुंडींतहि शोभतात. झाड बुटकें झालें म्हणून माशीचें कांहीं अडत नाहीं. शंकु शाबूत असला म्हणजे झालें.

घोटाळा होतो तो दुहेरी फुलांत. कांहीं नव्या जातींत मधल्या फुलांच्याच पाकळ्या बनविल्या आहेत. फूल गोंड्यासारखें भरगच्च दिसतें, पण मध व पराग यांची वाट बुजते. डेलावेअर संस्थानांतील माउंट क्यूबा सेंटर या उद्यानानें २०१८ ते २०२० या काळांत अनेक जाती शेजारीं शेजारीं लावून पाहिल्या. दुहेरी फुलांकडे कीटकांची ये-जा कमी आढळली. तेव्हां, श्रोतेहो, रोप घेतांना उंचीबरोबर शंकूहि पाहावा. तो उघडा असेल तेंच रोप घरीं आणावें.

लागवड सोपी आहे. दिवसांतून सहा तास तरी ऊन हवें आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. हिवाळ्यांत मुळाशीं पाणी सांचल्यास झाड कुजतें. खत बेतानेंच घालावें, नाहींतर ठेंगणी जातहि लांबट होऊन लोळूं लागते. दोन रोपांत सुमारें दीड फूट अंतर ठेवावें. एकेकटें रोप विखरून लावण्यापेक्षां पांच-सात रोपें एकत्र लावावींत. माशीस तो ताटवा दुरून दिसतो व तिचे श्रम वांचतात. पहिल्या वर्षीं पाणी नियमित द्यावें. पुढें झाड अवर्षणहि सोसतें. फूल हिरवें व वेडेंवांकडें होऊं लागल्यास तो बहुधा तुडतुड्यांनीं पसरविलेला ॲस्टर यलोज हा रोग असतो. त्यावर उपाय नाहीं. झाड उपटून टाकावें.

मात्र माशीला नुसतें अन्न पुरत नाहीं, घरहि लागतें. उत्तर अमेरिकेंत देशी माश्यांच्या सुमारें ४००० जाती आहेत. पोळ्यांत राहणारी मधमाशी तेथें सतराव्या शतकांत युरोपीय वसाहतवाल्यांनीं नेली; देशी माश्यांपैकीं बहुतेक एकट्या राहतात व जमिनींत बिळें करतात. म्हणून थोडी माती उघडी ठेवावी, कीटकनाशकें वर्ज्य करावींत, आणि वाळलेले देंठ व शंकु वसंतापर्यंत कापूं नयेत. देंठांत कांहीं माश्या घर करतात, शंकूंतलें बीं पक्षी वेंचतात.

आपल्याकडे झेंडूची निवड करतांनाहि हाच नियम लागू आहे. हाराला भरगच्च गोंडे लावावेत, पण एखादा वाफा एकेरी फुलांचाहि असावा. आपल्या डोळ्यांस तो जरा उणा वाटेल. माशीस वाटणार नाहीं.