मानेतील गाठ आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा निर्णय
(वार्षिक सभेतील निवेदन)



मानेत गाठ हाताला लागली की घरात पहिला शब्द निघतो तो कर्करोगाचा आणि दुसरा, 'काढून टाका'. आम्ही हिशेब पाहणारी माणसे, वैद्यकीय अधिकार आमचा नव्हे. तथापि देयक हाती घेऊन खिडकीशी उभ्या राहणाऱ्या नातेवाइकांना आम्हांलाच उत्तर द्यावे लागते, म्हणून हा विषय मांडत आहोत.

थायरॉइडच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. सोनोग्राफीत कडा वेड्यावाकड्या, आत कॅल्शियमचे सूक्ष्म कण, रुंदीपेक्षा उंची अधिक असे दिसले की संशय वाढतो. मग बारीक सुईने पेशी काढून तपासतात. अहवालात 'बेथेस्डा' हा शब्द असतो. २००७ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे भरलेल्या परिषदेतून ही सहा श्रेणींची पद्धती सिद्ध झाली. २०२३ च्या आवृत्तीनुसार दुसऱ्या श्रेणीत कर्करोगाची शक्यता सरासरी ४ टक्के, सहाव्या श्रेणीत ९७ टक्के. तेथे निर्णय तुलनेने सोपा. कर्करोग ठरल्यावर काही रुग्णांना लागणारे किरणोत्सारी आयोडीन तर आपल्या शेजारी, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातच तयार होते.

अडचण आहे ती मधल्या श्रेणींची. चौथ्या श्रेणीत ही शक्यता सुमारे ३० टक्के. सुई पेशी दाखवते, गाठीचे वेष्टन दाखवत नाही. आणि पेशींनी ते वेष्टन भेदले आहे काय, यावरच पुष्कळदा निदान ठरते. ते कळते ग्रंथीचा तो भाग काढून तपासल्यावर. म्हणजे अशा दहांपैकी साधारण सात जणांची गाठ साधीच निघते. संपूर्ण ग्रंथी गेली तर जन्मभर रोज गोळी. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा होण्याची भीती निराळीच. गोवंडीत शिलाईच्या वा जरीकामाच्या रोजावर चालणाऱ्या घराला त्या आठवड्यांची बुडालेली मजुरी आमच्या देयकात कोठेच दिसत नाही. परदेशात पेशींची जनुकीय चाचणी करून काही शस्त्रक्रिया टाळतात. तिची किंमत येथील रुग्णांना पेलणारी नाही.

म्हणून आमच्या मते पैसा आधीच्या पायऱ्यांवर खर्चावा : काळजीपूर्वक सोनोग्राफी, शंकास्पद काचपट्ट्यांचे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचन, तिसऱ्या श्रेणीत गरजेनुसार पुन्हा सुई. कायद्यानुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. आमच्याकडे ती बहुतांशी दाखल रुग्णांवरच संपते. बाह्यरुग्णांच्या या तपासण्यांसाठी देणगीदारांनी स्वतंत्र निधी द्यावा, ही विनंती.

श्रेणींचा अर्थ सांगणारे मराठी, हिंदी व उर्दू पत्रक बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर ठेवले आहे.